दुसरं बाळंतपण सासरी, थोरली साडेचार वर्षांची आणि तारीख ऐन पावसाळ्यातली

शुक्रवार_पेठ
नमस्कार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. थोरली साडेचार वर्षांची, जूनमध्ये मोठ्या गटात जाईल. घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. घरात सासू-सासरे आणि आम्ही तिघं. माहेर गडहिंग्लजला. पहिल्या वेळी सिझर झालं होतं.

आई म्हणते, सरळ माहेरी ये, दोन महिने रहा. आत्या (सासूबाई) म्हणतात, पहिलं तुमच्याकडं झालं, दुसरं आमच्या घरी, रीतच आहे ती. दोघीही मायेनं बोलतात, त्यामुळं कुणाला नाही म्हणायचं तेच कळत नाही. पण माझा जीव अडकलाय दुसऱ्याच गोष्टीत. डिंक कधी आणायचा, मालिशला कोण येणार, पाळणा माळ्यावरून कधी काढायचा, सगळं बोलून झालं. थोरली सकाळी उठून कुणाकडं येणार, तिची वेणी कोण घालणार, रात्री ती कुणाच्या कुशीत झोपणार, यावर घरात अजून एक शब्द निघालेला नाही. ती मात्र त्याचाच विचार करत असते. परवा पोटाला कान लावून बसली होती. म्हणाली, "मम्मी, बाळ ह्या बाजूला झोपणार नव्हं? मग मी कुठं?"

दोन लेकरं असणाऱ्यांनी थोरल्याचं काय केलं ते लिहा. बाळाबद्दल सांगणारे उदंड आहेत, थोरल्याबद्दल कुणी काही सांगत नाही.

राजारामपुरी_आज्जी
पोरी, सासरीच रहा. रीत पाळायची म्हणून सांगत नाही. थोरलीची शाळा इथं, मैत्रिणी इथं, तिचं ताट-वाटी इथं. गडहिंग्लजला नेलीस तर मम्मी बाळाच्या वाट्याला गेली आणि घरही सुटलं, असं एकदमच होईल तिला. आमच्या काळात दुसरं सासरी व्हायचं, कारण शेत, जनावरं आणि थोरलं पोर टाकून बाईला दोन-तीन महिने हलता यायचं नाही. आता शेत नसेल, पोर आहेच की.

तुझ्या आईला इकडं बोलावून घे. लेकीच्या सासरी राहायला आया संकोचतात. तेव्हा तुझ्या आत्यांनी स्वतः फोन करून "विहीणबाई, या, आपण दोघी मिळून करू" म्हणायला पाहिजे. हे तुझ्या नवऱ्यानं घडवून आणावं. पोटुशी बाईनं दोन्हीकडं विनवण्या करत बसायची ही वेळ नाही.

आणि थोरलीच्या हाताला काम द्या. माझ्या नातीला आम्ही डिंकाचे लाडू वळायला बसवली होती. तिचे लाडू सुपारीएवढे. बाळंतिणीला रोज सकाळी पहिला लाडू तिनं वळलेला जायचा, डबा उघडून तीच आणून द्यायची. डब्याला दुसरं कुणी हात लावलं की भांडायची. बारशाला बाळाची आत्या कानात कुर्र करते, तेव्हा थोरलीला पाळण्याला धरून उभी करा आणि नाव आधी तिच्या कानात सांगा. आमच्याकडं तिनंच ते गल्लीभर सांगितलं, बर्फी वाटायच्या आधी.

पुण्यातली_कोल्हापूरकर
माझं मत जरा वेगळं आहे. आम्ही थोरल्याला महिनाभर आजोळी कागलला ठेवला. मामा, मामी, दोन मामेभावंडं. तो मजेत होता, मलाही नीट झोप मिळाली. आई धड नसेल तर थोरल्याला तरी काय देणार? घरात माणूसबळ नसेल तर पाठवण्यात गैर काही नाही.

शिरोली_बी_शिफ्ट
पुण्यातली ताई, तुमचा मुलगा किती वर्षांचा होता? कारण आमच्या वहिनींनी हेच केलं आणि तीन वर्षांची पोरगी परत आल्यावर आईजवळ जाईचना. मामीच्या पदराआड उभी. सुट्टीला आजोळी जाणं वेगळं. बाळ आलं म्हणून पाठवलं, हे पोरांना बरोबर समजतं.

पुण्यातली_कोल्हापूरकर
सात वर्षांचा होता, आणि उन्हाळी सुट्टी होती. तीन वर्षांची असती तर मीही पाठवली नसती, हे मान्य. साडेचारलाही विचार करूनच.

शिरोली_बी_शिफ्ट
आता बापाच्या बाजूनं लिहितो. आमचं दुसरं गेल्या दिवाळीच्या सुमाराला झालं, थोरला तेव्हा पाचाचा. केंद्र सरकारच्या नोकरदारांना बापाची रजा १५ दिवस मिळते. खासगी कारखान्यात बापाला रजा दिलीच पाहिजे असा कायदा नाही. मी सुपरवायझरला भेटून सलग दुपारची पाळी मागून घेतली. त्यामुळं अख्खी सकाळ माझी. उठवणं, आंघोळ, डबा, शाळेत सोडणं, सगळं मी.

पण खरी गोष्ट अशी की हे मी बाळ यायच्या दोन महिने आधीच सुरू केलं होतं. हे कृपा करून आधीच करा. बाळ घरात आलं आणि त्याच दिवसापासून आईनं आंघोळ घालायची बंद केली, तर पोरगं म्हणणार, ह्यानंच माझी आई नेली. आधीपासून पप्पाच आंघोळ घालत असतील तर बाळावर आळ येत नाही. झोपायचंही तसंच. आधी तिघं एकत्र, मग तो माझ्या अंगाला, आई पलीकडं. पहिले काही दिवस रडला, पण तेव्हा त्याला उठून आईकडं जाता येत होतं. टाके असलेल्या आईवर पोर झेपावतंय असला प्रसंग आला नाही.

आठवड्याच्या सुट्टीला संध्याकाळी आम्ही दोघंच गंगावेशीला दूध कट्ट्यावर जायचो. म्हैस समोर पिळतात, फेसाळ दुधाचा ग्लास थेट हातात. तो ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायचा, मिशी पुसायचा नाही, आणि गवळीमामांना सांगायचा, "आमच्यात बाळ आलंय, त्याला दात न्हाईत." घरी बाळाकडं बघायचा नाही, पण बाहेर सगळ्यांना त्याचंच कौतुक सांगत सुटायचा. म्हणून पोरगं घरात गप्प आहे म्हणजे त्याला बाळ नको आहे, असं लगेच धरून चालू नका.

शुक्रवार_पेठ
शिरोलीवाले दादा, हे यांना वाचून दाखवलं. "आजपासून वेणी मी घालतो" म्हणाले. पहिली वेणी शाळेच्या गेटपर्यंत टिकली नाही, पण ती "पप्पांनी घातली" सांगत गेली.

सिस्टर_आक्का
मी बरीच वर्षं प्रसूती विभागात काढली. थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं सिझर आहे, म्हणून रक्ताची आणि ऑपरेशनची सोय चोवीस तास असेल तिथंच नाव घाला. नॉर्मल होऊ शकतं का, हे मागचा टाका कसा आहे आणि मागच्या वेळी सिझर कशामुळं झालं यावर ठरतं. जुनी फाइल डॉक्टरांना दाखवून आत्ताच विचारा. कळा सुरू झाल्यावर विचारायची ही गोष्ट नाही. मागच्या गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली असतील आणि तीन वर्षांच्या आत दुसरे दिवस राहिले असतील, तर यावेळी एकच बूस्टर पुरतो. तुमच्यात अंतर जास्त आहे, तेव्हा कार्ड घेऊन जा.

पुन्हा सिझर झालं तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. याचा सगळ्यात मोठा फटका थोरल्याला बसतो, कारण त्याला आईनं उचलून घ्यायचं असतं. "मम्मीला बाऊ झालाय, लांब हो" म्हणू नका. तुम्ही आधी टेकून बसा, पोटावर उशी ठेवा आणि तिला स्वतः चढून शेजारी येऊ द्या. उचललं नाही तरी कुशीत घेता येतं.

दवाखान्यात ती पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आज्जीच्या हातात असू द्या आणि तुमचे दोन्ही हात मोकळे. आधी तिला जवळ घ्या, शाळेत काय झालं विचारा. बाळ तीच मागेल. मी कित्येक पोरं दारातच थबकलेली बघितलीत, कारण आईच्या मांडीवर जागाच नव्हती.

घरी आल्यावर ती अंथरूण ओलं करेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल, भरवूनच घे म्हणेल. बहुतेक पोरं करतात. "एवढी मोठी घोडी झालीस आणि" हे वाक्य घरात सगळ्यांनी बंद करा, आज्जी-आजोबांनीसुद्धा. काही आठवड्यांत निवळतं. मात्र बाळासोबत तिला एकटी सोडू नका, अगदी पाणी आणायला जायचं असलं तरी. पोरं प्रेमानंही बाळाच्या तोंडावर दुपटं टाकतात किंवा शेंगदाणा भरवतात. शाळेतून आली की हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच बाळाजवळ. सर्दी-खोकला असेल तेव्हा लांबूनच.

बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक टाकू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. मध तर वर्षभर चाटवायचा नाही. आज्जींचा राग नको, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरीही नको. लहान फुप्फुसांना तो धूर सोसत नाही.

राजारामपुरी_आज्जी
रागवत नाही. शेगडी आम्हीही सोडली. घुटीचं माझ्या मनाला अजून पटत नाही, पण डॉक्टरीणबाईंनी नातवाच्या वेळी मनाई केली तेव्हा सहाण धुऊन ठेवून दिली. अळिवाची खीर आणि शेपूची भाजी तरी चालते नव्हं?

सिस्टर_आक्का
चालते की, पोटभर खाऊ दे. भाकरी, डाळ, भाज्या, अंडी, दूध, सगळं. बाळंतिणीला पाणी कमी देतात काही घरांत, ते तेवढं करू नका.

आंबेवाडीकर
बायकांच्या धाग्यात बोलतोय, पण जुलैचा शेवट वाचला आणि राहवलं नाही. शुक्रवार पेठ म्हणजे जामदार क्लबपाशी पाणी आलं की तुमच्याकडं धावपळ सुरू. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा आमचं गाव सोडून आम्हाला बाहेर पडावं लागलं. २०१९ ला आमच्या भावजयीला नववा महिना होता. पाणी अंगणात यायच्या आधीच तिला राजारामपुरीत मावशीकडं हलवली, म्हणून निभावलं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. तुम्ही ३९ ची वाट बघू नका. तारखेच्या पंधरा दिवस आधीच उंचावरच्या कुठल्या तरी नातेवाइकाच्या घरी जायचं ठरवून ठेवा, आणि दवाखानाही नदी ओलांडावी लागणार नाही असा बघा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पलीकडचा माणूस पलीकडंच. दक्षिणेकडं निपाणीजवळ यमगर्णीलाही रस्ता बंद होतो, तेव्हा गडहिंग्लजहून येणाऱ्या आईंना आषाढ लागायच्या आतच आणून ठेवा. शेवटच्या क्षणी गाडी पाठवतो म्हणून चालणार नाही.

अजून एक. महापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि शहरात नळाला पाणी आलं नाही, टँकरपुढं रांगा लागल्या. बाळंतिणीच्या घरात पिण्याचं आणि धुण्याचं पाणी साठवायला मोठे कॅन आधीच आणून ठेवा. पावसात दुपटी वाळत नाहीत, तीही जास्त लागतील. आणि थोरलीला त्या नातेवाइकाकडं कधी राहायची सवय नसेल तर जूनपासून शनिवार-रविवार तिकडं राहायला घेऊन जा. पुराच्या रात्री परकं घर पहिल्यांदा बघायला लावू नका.

शुक्रवार_पेठ
भाऊ, तुमचे फार उपकार. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी चुलत नणंद सम्राटनगरला राहते, तिच्याशी आजच बोललो.

आता रजेचं. ऑफिसात सांगितलं की दुसऱ्या मुलाला १२च आठवडे मिळतात, २६ फक्त पहिल्याला. खरं आहे का?

हिशेब_तपासनीस
नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तेच नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. १२ आठवडे कुणाला, तर जिची दोन किंवा जास्त मुलं आधीच हयात आहेत तिला. तुमचं एकच आहे, म्हणजे या बाळंतपणाला पूर्ण २६. त्यातले जास्तीत जास्त ८ तारखेच्या आधी घेता येतात. तारखेच्या मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असावीत. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे तिकडून मिळतात, आठवडे तेवढेच. ऑफिसला तोंडी सांगत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बऱ्याच ठिकाणी पहिलं-दुसरं असा घोळ नुसत्या ऐकीव माहितीवर चालतो.

दोन_लेकींची_आई
सगळं छान लिहिलंय. एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती मी लिहिते. तुझी थोरली मुलगी आहे. आता येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्यासमोर म्हणणार, "आता भाऊ पाहिजे हं तुला." हे आजपासून थांबवा.

माझी धाकटी झाली तेव्हा दवाखान्यात एक बाई पेढ्याचा बॉक्स बघून म्हणाली, "पेढे? म्हणजे मुलगा झाला वाटतं!" आणि कळल्यावर, "अगं बाई, दुसरीपण मुलगीच का?" थोरली माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. 'पण' आणि 'च' दोन्ही तिला कळले. आठवडाभरानं मला विचारते, "मी झाले तेव्हापण लोक असंच म्हणाले?" मी माझ्या सासऱ्यांना तिच्यासमोर बोलायला लावलं. ते तालमीतले, मोजकं बोलणारे. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, ताराराणी चौकात नेलं, घोड्यावरचा पुतळा दाखवला आणि सांगितलं की कोल्हापूरची गादी हिनं उभी केली. घरी येऊन धाकटीला ती "ताराराणी" म्हणू लागली.

२००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली फक्त ८३९ होत्या. २०११ ला ८६३. हे आकडे असल्याच बोलण्यातून तयार होतात. पाहुण्यांना दारातच सांगायची जबाबदारी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. बाळंतिणीनं पडल्यापडल्या वाद घालायचा का?

दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्यांना ६,००० रुपये मिळतात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर राज्याची लेक लाडकी योजना आहे, १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार. अंगणवाडीताईंकडं चौकशी करा. जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या, नाव नंतर घालता येतं.

शुक्रवार_पेठ
ताई, वाचून गलबलून आलं. आत्यांना हा भाग मुद्दाम वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेजारच्या काकू "यंदा कृष्ण येऊ दे" म्हणाल्या, तर आत्याच म्हणाल्या, "जे येईल ते आमचंच. पोरीसमोर नको असलं."

(ऑगस्टअखेर)

शुक्रवार_पेठ
धागा वर आणते, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. मुलगा झाला, पुन्हा सिझर, दोघंही बरे. पाणी इशाऱ्याच्या वर गेलं, धोक्यापर्यंत पोहोचलं नाही, पण आम्ही आधीच सम्राटनगरला होतो, त्यामुळं जिवाला घोर नव्हता. आई आषाढाच्या आधीच आली. आत्यांनी फोन केला होता. पहिले दोन दिवस दोघी विहिणी स्वयंपाकघरात एकमेकींना "तुम्ही बसा" म्हणत होत्या, मग वाटणी आपोआप झाली. बाळाची आंघोळ आईकडं, घर आणि थोरली आत्यांकडं.

पलंगावर चढून येण्याचं सांगितलं होतं ते रोजचं झालंय. शाळेतून आली की हात धुते, दुपटं घडी करून माझ्या पायाशी ठेवते आणि उशीच्या बाजूनं वर चढते. ती वेळ तिची. बाळ रडलं तरी तेव्हा आई किंवा आत्या घेतात. दूधच पाहिजे असेल तर ती सांगते, "पाज त्याला, मी हितंच बसते." अंथरूण दोनदा ओलं झालं, कुणी काही बोललं नाही. बाळाला एकदा चिमटा काढला तेव्हा मात्र मी हात धरून सांगितलं, त्याला दुखतं. नंतर पप्पांनी तिला रंकाळ्यावर फिरवून आणली.

यांची वेणी आता गेटपुढंही टिकते.

कळंबा_रोड
हा धागा आज सापडला. माझा थोरला दीड वर्षाचा आहे आणि मला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. तो अजून अंगावर पितो. सासरी-माहेरी सगळे म्हणतात लगेच तोड, पोटातल्याला बाधतं. त्याचं रडणं बघवत नाही. काय करू?

सिस्टर_आक्का
तुमचं सगळं नॉर्मल चालू असेल तर पाजल्यानं पोटातल्या बाळाला बाधत नाही. आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा पोट आवळून येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. दोघांना पुरायला तुमचं खाणं आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. पुढच्या महिन्यांत दूध कमी होतं, चवही बदलते, काही पोरं आपणहून सोडतात. त्याला वरचं जेवण आता नीट लावा.

तोडायचंच असेल तर आत्ता, हळूहळू. दुपारची वेळ आधी बंद करा आणि त्या वेळेला त्याला बापानं किंवा आज्जीनं बाहेर न्यावं. रात्रीची वेळ सगळ्यात शेवटी. कडूजार काही लावू नका. बाळंतपणाच्या मागं-पुढं महिनाभर मात्र अजिबात तोडू नका. तेव्हाही पीत असला तर चीक आधी धाकट्याला, मग त्याला.